पीळदार तारजोडीवरील चित्रप्रेषण

पीळदार तारजोडीवरील चित्रप्रेषण : निरोधक वेष्टन असलेल्या दोन समान तांब्याच्या तारा एकमेकींभोवती ठराविक अंतराने पिळून तयार केलेल्या जोडीवरून कॅमेऱ्यातील चित्रसंकेत निरीक्षणपटापर्यंत किंवा मुद्रकापर्यंत पोहोचविण्याची पद्धती. ही जोडी मुळात टेलिफोनसाठी १८८१ मध्ये पुढे आली. दुकाने, बँका, कारखाने व रस्ते यांवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी तिचा व्यापक वापर मात्र १९९० नंतर होऊ लागला. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत या जोडीने प्रथम आवाज, नंतर सलग बदलणारा चित्रसंकेत व शेवटी अंकीय संदेश वाहून नेला. तिच्यावरून जाणाऱ्या संदेशाचे स्वरूप असे बदलत गेले, तरी तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही. पडद्यावरील चित्रात माणूस ओळखता येतो की नाही, हा या विषयातील खरा व्यावहारिक प्रश्न होय. त्याचे उत्तर कॅमेऱ्याच्या भिंगावर जितके अवलंबून असते, तितकेच ते भिंतीवरून नेलेल्या तारेवरही असते.

पेठेतील परिस्थिती : जुन्या शहरांतील बाजारपेठा या पद्धतीच्या गुणदोषांची उत्तम कसोटी ठरतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील गुलमंडी ही अशीच एक पेठ आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसविलेल्या व पुढे औरंगजेबाच्या काळात तटबंदी झालेल्या या शहराच्या जुन्या भागात पैठण दरवाजा, औरंगपुरा, मछली खडक व सिटी चौक यांकडून येणारे रस्ते गुलमंडीच्या परिसरात जोडले जातात. एकमेकांना चिकटून असलेली दुकाने, वरच्या मजल्यावर वस्ती वा गोदाम, भिंतींवरून आडव्यातिडव्या गेलेल्या वीजतारा आणि प्रत्येक दुकानाची स्वतंत्र वीजजोडणी ही अशा पेठांची सर्वसाधारण वैशिष्ट्ये होत. येथे कॅमेरा व मुद्रक यांतील अंतर फार नसते. परंतु तार ज्या वाटेने न्यावी लागते, ती वाट विद्युत् व्यत्ययांनी भरलेली असते.

जोडीचा उगम : प्रारंभीच्या टेलिफोनमध्ये तारायंत्राप्रमाणे एकच तार वापरीत आणि विद्युत् प्रवाहाचा परतीचा मार्ग जमिनीतून असे. तारायंत्राच्या ठोक्यांना ही व्यवस्था पुरेशी होती. टेलिफोनवर मात्र शेजारच्या तारांतील संदेश, विजेचे दिवे व ट्रामगाड्या यांमुळे खरखर ऐकू येई. यावर उपाय म्हणून अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी परतीसाठी जमिनीऐवजी दुसरी तार वापरून दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळण्याची कल्पना मांडली व १८८१ मध्ये तिचे अमेरिकन पेटंट मिळविले. खांबांवरील उघड्या तारांच्या बाबतीत ठराविक खांबांवर दोन तारांच्या जागांची अदलाबदल करून हाच परिणाम साधण्यात येई. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ मध्ये टेलिफोन केंद्रे सुरू झाली. भारतातही कालांतराने एकतारी मार्ग मागे पडून द्वितारी मार्ग रूढ झाला.

तत्त्व : पिळाचे कार्य दोन प्रकारे होते. बाहेरील बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जोडीच्या एका अर्ध्या पिळात जो विद्युत् दाब निर्माण होतो, त्याच्या विरुद्ध दिशेचा दाब पुढील अर्ध्या पिळात निर्माण होतो. परिणामी लांबीभर दोहोंची बेरीज जवळजवळ शून्य होते. दुसरे असे की, दोन्ही तारा बाह्य उद्गमापासून सरासरीने सारख्याच अंतरावर राहत असल्याने जो काही व्यत्यय शिल्लक राहतो, तो दोन्ही तारांवर सारखाच येतो. मूळ संकेत मात्र दोन तारांवर परस्परविरुद्ध चिन्हांनी पाठविलेला असतो. ग्राही टोकास असलेले रोहित्र किंवा विभेदी विवर्धक दोन तारांतील दाबांचा केवळ फरक घेतो. या वजाबाकीत समान असलेला व्यत्यय नाहीसा होतो आणि विरुद्ध असलेला संकेत टिकतो. जोडीचे संरक्षण असे तारांच्या समानतेत असते. ती समानता बिघडली, म्हणजे एक तार लांब किंवा अधिक रोधाची झाली अथवा पीळ उलगडला, की हा गुण त्या प्रमाणात कमी होतो.

चित्राची गरज व समाक्ष केबल : टेलिफोनवरील बोलण्यास सु. ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा कंप्रता पट्ट (कंप्रता म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) पुरतो. भारतात स्वीकारलेल्या, ६२५ रेषा व दर सेकंदास २५ प्रतिमा असलेल्या दूरचित्रवाणी पद्धतीत हीच मर्यादा सु. ५ मेगॅहर्ट्झपर्यंत, म्हणजे सु. दीड हजार पट वर जाते. इतक्या उच्च कंप्रतेस साध्या टेलिफोन तारांत संकेताची मोठी झीज होते. मध्यभागी एक संवाहक व त्याभोवती नळीसारखा दुसरा संवाहक असलेल्या समाक्ष केबलीत हा दोष कमी असतो. अशी केबल ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८० मध्ये सुचविली होती. विस्तृत कंप्रता पट्टासाठी तिचा आधुनिक आराखडा लॉइड एस्पनशीड व हर्मन अफेल यांनी बेल संस्थेत १९२९ मध्ये तयार केला. जर्मनीत १९३६ मध्ये बर्लिन व लाइपसिक यांमध्ये सुरू झालेली चित्र-टेलिफोन सेवा समाक्ष केबलीवरच आधारलेली होती. दूरचित्रवाणी व समाक्ष केबल हे समीकरण यानंतर पक्के होत गेले. पुढे सुरक्षा-कॅमेऱ्यांनीही ७५ ओहम संरोधाची समाक्ष केबल व एक व्होल्टचा चित्रसंकेत ही मोजमापे स्वीकारली.

टेलिफोन तारांवरील प्रारंभीचे प्रयोग : तथापि टेलिफोनच्या तारांवरून चित्र पाठविण्याचे प्रयत्न याआधीच सुरू झाले होते. हर्बर्ट आइव्ह्ज यांच्या नेतृत्वाखाली ७ एप्रिल १९२७ रोजी वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कपर्यंत ५० रेषांचे हलते चित्र टेलिफोन मार्गावरून नेण्यात आले. रेषा थोड्या असल्याने कंप्रतेची गरजही माफक होती. लंडनमध्ये १२ मे १९३७ रोजी सहाव्या जॉर्जच्या राज्यारोहणाची मिरवणूक दाखविताना हाइड पार्क कॉर्नरपासून अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत खास बनविलेल्या संतुलित द्वितारी केबलीचा उपयोग करण्यात आला. थोड्या अंतरासाठी साध्या टेलिफोन जोड्यांचाही वापर तेथे होऊ लागला. न्यूयॉर्कमध्ये १९३९ साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील सायकल शर्यतीचे चित्र नेहमीच्या टेलिफोन केबलीतून प्रेषणकेंद्राकडे नेण्यात आले. या सर्व प्रयोगांत उच्च कंप्रतांची झीज अगोदर मोजून, त्या प्रमाणात त्यांनाच अधिक उठाव देणारी समकारक मंडले योजिली होती. साधी जोडी चित्र वाहू शकते. फक्त तिने वाटेत काय गमावले हे जाणून त्याची भरपाई करावी लागते, हे यावरून सिद्ध झाले.

अमेरिकेतील ‘पिक्चरफोन’ हा याच दिशेने झालेला मोठा व्यापारी प्रयत्न होय. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात दाखविलेली ही सेवा सुधारित स्वरूपात १९७० मध्ये पिट्सबर्ग येथे सुरू करण्यात आली. तीत ग्राहकाच्या घरापर्यंत तीन टेलिफोन जोड्या नेल्या जात. दोन जोड्या जाणाऱ्या व येणाऱ्या चित्रांसाठी असून एक आवाजासाठी असे. चित्राचा कंप्रता पट्ट सु. १ मेगॅहर्ट्झ एवढा मर्यादित ठेवला होता. भारी दर व तुटपुंजी मागणी यांमुळे ही सेवा फसली. परंतु जोडीवरील चित्रप्रेषणाचे तंत्र तिच्यामुळे पक्के झाले.

बंदिस्त मंडल दूरचित्रवाणी : प्रक्षेपण न करता ठराविक पडद्यांपुरतेच चित्र दाखविणाऱ्या व्यवस्थेस बंदिस्त मंडल दूरचित्रवाणी म्हणतात. तिचे एक प्रारंभीचे उदाहरण म्हणजे जर्मनीतील पेनेम्यूंड येथे १९४२ मध्ये अग्निबाणांचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी वॉल्टर ब्रूख यांनी उभारलेली यंत्रणा. निर्वात नळीचे कॅमेरे महाग व नाजूक असल्याने पुढील तीन दशके ही व्यवस्था मोठे कारखाने, बँका व सरकारी कार्यालये यांपुरती मर्यादित राहिली. विलर्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या विद्युत् भारयुग्मित अर्धसंवाहक प्रयुक्तीमुळे (‘सीसीडी’मुळे) १९८० नंतर कॅमेरे लहान व स्वस्त झाले. भारतात दिल्ली येथे १९५९ मध्ये व मुंबई येथे १९७२ मध्ये दूरचित्रवाणी आली आणि १९८२ पासून रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. औरंगाबादजवळ पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉन उद्योगसमूहाने दूरचित्रवाणी संचांचे उत्पादन केले. वाळूज येथे स्टरलाइट कंपनीचा प्रकाशवाहक तंतूंचा कारखाना उभा राहिला. अशा रीतीने चित्राचा पडदा व चित्राची पुढील काळातील वाहिनी या दोहोंची निर्मिती गुलमंडीपासून काही किलोमीटरांवर झाली.

जोडीचे पुनरागमन : अमेरिकेत १९९१ मध्ये इमारतींतील तारजोडणीचे प्रमाणीकरण झाले. चार जोड्यांची, १०० ओहम संरोधाची केबल संगणक व टेलिफोन या दोहोंसाठी सर्वत्र वापरात येऊन स्वस्त झाली. हिच्या चारही जोड्यांचा पीळ निरनिराळ्या अंतराचा असतो. त्यामुळे एका जोडीतील संकेत दुसरीत झिरपत नाही. कॅमेऱ्याच्या ७५ ओहमच्या असंतुलित टोकास ही १०० ओहमची संतुलित जोडी जोडण्यासाठी अंगठ्याएवढे रोहित्र पुरेसे ठरले. यास व्यवहारात ‘बॅलन’ वा ‘बलून’ म्हणतात. दोन्ही टोकांस एकेक बॅलन लावला की बाहेरून वीजपुरवठा न करता चित्र जाऊ शकते. एकाच केबलीतून चार कॅमेऱ्यांची चित्रे आणणे किंवा एका जोडीवर चित्र घेऊन उरलेल्या तीन जोड्यांवरून कॅमेऱ्यास वीज देणे शक्य झाले. भारतीय बाजारात याच काळात एक समाक्ष तार व तीन वीजतारा एकत्र असलेली ‘थ्री प्लस वन’ केबलही रुळली आणि दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालत राहिल्या.

अंतराच्या मर्यादा : नेहमीच्या चार जोडी केबलीत ४ मेगॅहर्ट्झच्या आसपास दर १०० मी. लांबीस सु. ४ डेसिबेल एवढी झीज होते. रंगीत चित्रातील रंगविषयक माहिती ४·४३ मेगॅहर्ट्झ या उपवाहकावर असल्याने ३०० मी. अंतरावर तिचा दाब मूळच्या एक चतुर्थांशाहूनही कमी उरतो. नीच कंप्रतेची प्रकाशछायेची माहिती तेवढ्याच अंतरात सु. एक पंचमांशच घटते. म्हणून लांब अंतरावरील चित्र एकदम नाहीसे होत नाही. प्रथम रंग फिके पडतात, मग कडा बोथट होतात, आणि माणसाची आकृती दिसत असूनही चेहरा व कपड्यांचा रंग सांगता येईनासा होतो. साध्या बॅलनसाठी रंगीत चित्राची मर्यादा त्यामुळे सर्वसाधारणपणे २०० ते ३०० मी. मानली जाते. विवर्धक व समकारक असलेले प्रेषक आणि ग्राही वापरल्यास ती एक किलोमीटर वा अधिक वाढविता येते.

पेठेतील प्रमुख दोष : दाट वस्तीत जोडीची खरी उपयुक्तता निराळ्या कारणाने दिसते. कॅमेरा एका दुकानाच्या व मुद्रक दुसऱ्या दुकानाच्या वीजजोडणीवर असल्यास दोन्हींच्या भूसंपर्कांत थोडा दाबफरक असतो. समाक्ष केबलीचे बाह्य आवरण हाच संकेताचा परतीचा मार्ग असल्याने त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो व पडद्यावर हळूहळू वर वा खाली सरकणारे आडवे काळसर पट्टे दिसतात. रोहित्राच्या बॅलनने जोडलेल्या तारजोडीत भूसंपर्काशी सरळ संबंध राहत नसल्याने हा दोष टळतो.

जोडीचे स्वतःचे दोष बहुधा हाताळणीतून उद्भवतात. एका जोडीतील निळी व दुसऱ्या जोडीतील नारिंगी तार घेऊन जोडणी केल्यास साध्या तपासणीत मार्ग अखंड आढळतो. परंतु त्या दोन तारा परस्परांशी पिळलेल्या नसल्याने चित्रात खरखर येते. सांध्यापाशी पीळ लांबवर उलगडल्यानेही तसेच होते. कॅमेऱ्याच्या वीजपुरवठ्यात आणखी एक अडचण संभवते. या केबलीतील एका तारेचा रोध दर १०० मी. लांबीस सु. ९·४ ओहम असतो. ६० मी. अंतरावरील, ०·३ अँपिअर प्रवाह घेणाऱ्या कॅमेऱ्यास एकाच जोडीवरून १२ व्होल्ट पाठविल्यास वाटेतच सु. ३·४ व्होल्ट खर्च होतात. तीन जोड्या समांतर वापरल्यास ही घट सु. १·१ व्होल्टवर येते. अंधार पडताच कॅमेऱ्यातील अवरक्त दिवे लागून प्रवाह वाढतो. त्यामुळे दिवसा नीट चालणारा कॅमेरा रात्री, म्हणजे त्याची गरज सर्वाधिक असते त्या वेळी, बंद पडतो. तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त तारांचा रोध शुद्ध तांब्याच्या सु. दीडपट असल्याने हा दोष त्यांत अधिक आढळतो.

अंकीय संक्रमण : संगणकांमधील संदेशवहनाने १९९० मध्ये पीळदार जोडी प्रमाण म्हणून स्वीकारली. स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने १९९६ मध्ये संगणक जालास थेट जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला. या कॅमेऱ्यातच चित्राचे अंकांत रूपांतर होते. २००३ मध्ये संमत झालेल्या प्रमाणानुसार त्याच केबलीतून उपकरणास वीजही देता येऊ लागली. अंकीय चित्र अंतराबरोबर हळूहळू फिके होत नाही. ते एका मर्यादेपर्यंत जसेच्या तसे पोहोचते व त्यानंतर तुटक होऊन थांबते. ही मर्यादा १०० मी. धरली जाते. सलग संकेताची पद्धतीही यामुळे लगेच संपली नाही. २०१२ नंतर आलेल्या उच्च विभेदनाच्या सलग संकेत पद्धतींनी जुन्याच तारांवरून अधिक तपशीलवार चित्र नेणे शक्य केले. त्यामुळे आधीची तारजोडणी ठेवून केवळ कॅमेरे व मुद्रक बदलण्याचा मार्ग छोट्या दुकानदारांस खुला झाला.

शहरव्यापी जाळी : मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्रात रस्त्यांवरील कॅमेऱ्यांच्या प्रश्नास निकडीचे स्वरूप आले. मुंबईत २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या योजनेत सु. १,५०० ठिकाणी मिळून सु. ४,७०० कॅमेरे बसविण्यात आले. औरंगाबादची स्मार्ट सिटी अभियानासाठी २०१६ मध्ये निवड झाली व त्यानंतरच्या काही वर्षांत तेथे सु. ७०० कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्यात आले. अशा जाळ्यांत चौकाचौकांमधील लांब अंतरांसाठी प्रकाशवाहक तंतू वापरतात. खांबावरील कॅमेऱ्यापासून जवळच्या पेटीपर्यंतचा थोडा टप्पा मात्र सामान्यतः पीळदार जोडीच पार करते. दुकानांच्या आतील खाजगी कॅमेरे हा याहून वेगळा व विखुरलेला भाग होय.

चित्राचे साक्षीमूल्य : गुन्ह्याच्या तपासात खाजगी कॅमेऱ्यांची चित्रे अनेकदा प्रथम हाती येतात. त्यांच्या अस्पष्टतेचे परिणाम किती गंभीर असतात, हे पुण्यातील जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० रोजी झालेल्या स्फोटाच्या तपासात दिसून आले. तेथील कॅमेऱ्याच्या चित्रावरून प्रारंभी एका व्यक्तीची ओळख पटल्याचे सांगण्यात आले. परंतु ती ओळख पुढे टिकली नाही. चित्राची सुस्पष्टता ही केवळ तंत्रज्ञांची चिंता नसून निरपराध माणसाच्या स्वातंत्र्याशीही तिचा संबंध आहे.

चित्र स्पष्ट असले तरी ते कोठून व कसे आले, हे न्यायालयात दाखवावे लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये पुरावा अधिनियमात घातलेल्या कलम ६५ब नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखाच्या प्रतीस प्रमाणपत्राची जोड आवश्यक ठरली. या कलमाचा महत्त्वाचा अर्थ मराठवाड्यातीलच एका प्रकरणात निश्चित झाला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत नामनिर्देशनपत्र मुदतीत दाखल झाले की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयाच्या आत व बाहेर केलेल्या चित्रमुद्रणावर येऊन ठेपला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ती निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर वि. कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी निकाल देताना प्रतीसाठी असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. सर्व प्रयत्न करूनही संबंधितांकडून ते मिळाले नाही, तर त्या पक्षास या अटीतून सूट मिळू शकते, असेही सांगितले. १ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून त्यातील कलम ६३ मध्ये ही तरतूद अधिक तपशिलाने आली आहे. दुसऱ्या बाजूस, सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानल्याने कोणावर, किती काळ व कोणत्या हेतूने नजर ठेवावी, या प्रश्नालाही घटनात्मक महत्त्व प्राप्त झाले आहे.

पीळदार तारजोडीची मर्यादा व थोरवी या पार्श्वभूमीवर स्पष्ट होतात. चित्र कोणाच्या हाती जावे हे ती ठरवीत नाही. कॅमेऱ्याने न टिपलेला तपशीलही ती निर्माण करू शकत नाही. जे टिपले गेले त्यात वाटेतील व्यत्ययाची भर पडू न देता ते पुढे पोहोचविणे एवढेच तिचे कार्य असते. दोन तारा सारख्या ठेवल्या, पीळ शेवटपर्यंत राखला, अंतराची मर्यादा पाळली व वीजपुरवठ्याचा हिशेब केला, तर गर्दीच्या पेठेतही ती ते कार्य अल्प खर्चात करते. प्रकाशवाहक तंतू व बिनतारी संदेशवहन यांचा प्रसार होऊनही कॅमेऱ्यालगतच्या अखेरच्या टप्प्यातून ती हटलेली नाही, याचे कारण हेच होय.